सीमेपलीकडून आणलेले हात

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही, आणि तिच्यापासून मी फारसे काही लपवलेले नाही. देवासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हासुद्धा मनातल्या मनात या गोष्टीला वळसा घालूनच पुढे गेलो. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — नाही, हेही खरे नाही. सांगतो आहे, कारण ही गोष्ट आत राहून राहून आंबली आहे, आणि अलीकडे मला तिचा वास येतो.

पण सुरुवात कुठून करावी? सरळ मुद्द्यावर यायची मला सवय नाही. मी मृदू बोलणारा माणूस आहे. आमच्या मराठी मंडळात माझ्याबद्दल नेहमी तसेच म्हटले जाते — आवाज चढवत नाहीत, सगळ्यांचे ऐकून घेतात, सुवर्णमध्य काढतात. सुवर्णमध्य हा शब्द कोणी माझ्यासमोर उच्चारला की आता मी विषय बदलतो.

नेदरलँड्समध्ये येऊन मला बरीच वर्षे झाली. नोकरी संगणकाची, पण वाचन इतिहासाचे. त्यातही एकाच विषयाने मला धरून ठेवले — अमेरिकेचे यादवी युद्ध. युद्धाआधीची वर्षे म्हणतो मी, लढाया नव्हेत. एक देश स्वतःला फाडून घेण्याच्या दिशेने इतक्या सभ्यपणे, इतक्या ठरावांमधून कसा चालत गेला, हे मला फार विलक्षण वाटे. मंडळाच्या व्याख्यानमालेत मी त्यावर बोललो आणि लोकांना ते आवडले. पुढे अन्य गावांतल्या मराठी मंडळींनीही बोलावले. एकदा तर पार मास्ट्रिख्टपर्यंत जाऊन आलो. या देशाच्या स्वतःच्या गुलामगिरीने मी भाषणाला सुरुवात करीत असे. कालव्याकाठच्या त्या देखण्या घरांत साखरेच्या मळ्यांचा पैसा कसा मुरला आहे, हे सांगत असे. दुसऱ्यांची पापे मला तोंडपाठ होती.

मांडणी साधी होती. अमेरिकेत गुलामगिरी चूक की बरोबर, हा मूळ प्रश्न. तो विचारला की देश फुटेल, या भीतीने तिथल्या शहाण्या माणसांनी प्रश्नच बदलला. चूक की बरोबर हे विचारायचेच नाही. फक्त 'कुठे' एवढेच विचारायचे. नकाशावर एक आडवी रेघ ओढली — वरच्या बाजूला नाही, खालच्या बाजूला चालेल. माणसाच्या गळ्यातल्या साखळीचा प्रश्न भूगोलाचा झाला. देश जागच्या जागी राहिला असता तर ती रेघ कदाचित आणखी काही काळ टिकली असती. पण देश पश्चिमेकडे पसरत होता. मेक्सिकोशी लढून प्रचंड मुलूख मिळाला, आणि प्रत्येक नव्या मुलखाबरोबर तोच जुना प्रश्न पुन्हा दारात — इथे काय? कॅलिफोर्नियाला गुलामगिरीशिवाय आत घेतले, तर त्याच्या मोबदल्यात उत्तरेतल्या लोकांवर पळून आलेले गुलाम पकडून परत देण्याची सक्ती झाली. एक तडजोड टिकवायला दुसरी, ती टिकवायला तिसरी. शेवटी सर्वांत गोंडस तोडगा निघाला — वरून कोणी काही ठरवायचे नाही. नव्या मुलखात जे राहायला जातील त्यांनीच आपापले ठरवावे. किती लोकशाहीचे वाटते, नाही?

इथे मी भाषणात थांबत असे. पेल्यातले पाणी पीत असे. आणि मग सांगत असे की कॅन्ससच्या मतदानाच्या दिवशी शेजारच्या मिसूरीतून माणसे घोड्यांवर, गाड्यांतून सीमा ओलांडून आली. ती तिथे राहत नव्हती. राहण्याचा त्यांचा विचारही नव्हता. मत टाकले आणि परत गेली. त्यानंतर त्या एका मुलखात दोन सरकारे झाली, घरे जळली, माणसे मेली. आणि मोठे युद्ध आले ते या छोट्या युद्धाच्या वाटेने.

सभागृह या जागी नेहमी स्तब्ध होत असे. मला ती स्तब्धता फार आवडे.

आता नीउ-व्हेनेप या इथल्या गावाकडे येतो.

आमचे मंडळ शहराकडचे, जुने. पुढे नवी मराठी कुटुंबे घरे परवडतात म्हणून बाहेर, नीउ-व्हेनेपकडे राहायला जाऊ लागली, आणि तिथे मंडळाची शाखा काढायचे ठरले. ही जमीन कशी आहे ठाऊक आहे? ती पूर्वी तळ्याचा तळ होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डच लोकांनी ते अवाढव्य तळे उपसून कोरडे केले — तिकडे अमेरिकेत नव्या मुलखांवरून भांडणे पेटत होती, साधारण त्याच काळात. म्हणजे जिथे आज आमची मुले सायकली चालवतात तिथे त्याआधी मासे फिरत होते. या मातीत कोणाचा पूर्वज नाही, कोणाचे गावकूस नाही, कोणाचा वेगळा पाणवठा नाही. इतकी कोरी जमीन जगात फार थोड्या लोकांच्या वाट्याला येते. आम्ही तिच्यावर काय आणून ठेवले?

रेखाताई तिथे राहत. मूळच्या कोल्हापूरच्या. नवऱ्याच्या, सुनीलच्या, नोकरीमुळे आल्या आणि काही वर्षांत घरगुती जेवणाच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. त्यांची पुरणपोळी कागदासारखी पातळ, आणि कडेपर्यंत पुरण. त्यांच्या वडिलांचे कोल्हापुरात चपलांचे दुकान होते; वडील स्वतः चपला बनवत. हे त्यांनी एका सहलीत सर्वांसमोर, अभिमानाने सांगितले होते. मी मागितल्यावर माझ्यासाठी एक जोड आणूनही दिला. मंडळाच्या कार्यक्रमांना रेशमी कुडत्याखाली मी तोच घालत असे. 'चपला फार सुंदर आहेत,' असे लोक म्हणत. मीही म्हणत असे — खास कोल्हापूरच्या.

नव्या शाखेच्या पहिल्या गणपतीचा नैवेद्य आपण करू, असे रेखाताई म्हणाल्या. त्यात वेगळे ते काय? मंडळाची पुष्कळशी जेवणे त्यांच्याकडूनच येत. पण मंडळाचा एक रिवाज होता. सभेचे, सहलीचे, संक्रांतीचे जेवण कोणीही करावे. गणपतीचा नैवेद्य मात्र शरयूकाकूंच्या घरून, सोवळ्यात. शरयूकाकू आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ. आम्ही या देशात आलो तेव्हा पहिले आठ दिवस त्यांच्याच घरी राहिलो होतो. नव्या शाखेचा नैवेद्यही आपल्याच माणसांकडून यावा, असे त्यांचे म्हणणे पडले. 'आपल्याच' हा शब्द त्या सहज वापरीत.

"मी कुणाला नाही म्हणत नाही हो," त्या मला म्हणाल्या. "जेवते की मी रेखाच्या हातचं. पण देवाचं आहे, म्हणून. तू समजूतदार आहेस, तू बघ काय ते."

मी समजूतदार आहे, म्हणून मी रेखाताईंची समजूत काढायला त्यांच्याकडे गेलो. कालव्याच्या कडेने सायकलवरून. समोरून वारा असा की उतरून सायकल ढकलत चालावे लागले. पोहोचलो तेव्हा घामाने भिजलो होतो. त्यांनी चहा दिला, मग पोळी, मग तिच्यावर तूप.

"खावा की दादा, लाजताय काय? सायकल हाणत आलाय एवढं."

काकूंचे म्हणणे त्यांच्या कानावर आधीच गेले होते. सुनील हसत म्हणाला, "दादा, ही अख्खी जागा पाण्याखाली होती. सगळ्यांचं सोवळं इथं आधीच बुडालंय. आता कशाला वर काढताय?"

आम्ही तिघेही हसलो. आणि पुरणपोळीचा घास तोंडात असताना मी शब्द दिला. म्हणालो, "नैवेद्य तुम्हीच करायचा, रेखाताई. मी बघतो." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि लगेच, काही झालेच नाही अशा आवाजात, आणखी एक पोळी वाढली.

घरी परतलो. तिन्हीसांजेची वेळ. देवापाशी दिवा रोज मीच लावतो. सकाळी अंघोळ झालेली होती. तरीही मी पुन्हा अंघोळ केली आणि मग दिवा लावला. पत्नी म्हणाली, "हे काय, परत अंघोळ?" मी म्हणालो, "सायकलीने घाम आला." घाम आलाच होता. खोटे बोललो असे कोणी म्हणू शकणार नाही. पण मी रोजच सायकलवरून येतो — कामावरून, बाजारातून, वाऱ्यापावसातून — आणि हातपाय धुऊन दिवा लावतो. मग त्याच दिवशी का? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. मीही प्रश्न बदलला. घाम किती आला होता, एवढेच विचारले.

त्यानंतर मंडळात बोलाचाली वाढत गेली. फोनवर, गटांत, मुलांच्या वाढदिवसाला, वाणसामानाच्या दुकानाच्या दारात. जुन्या शाखेतली काही घरे म्हणू लागली की असे होणार असेल तर आम्ही वर्गणी थांबवू, मूर्ती आमच्याकडे आहे ती देणार नाही. नवी मंडळी म्हणू लागली की निदान इथे तरी ते जुने नको. मला भीती वाटली — मंडळ फुटेल. त्या वर्षी अध्यक्षपद माझ्याकडे यायचे होते, तेही लिहून ठेवतो.

आणि मी तोडगा काढला. वरून कोणी काही ठरवायचे नाही. प्रत्येक शाखेने आपापले ठरवावे. नीउ-व्हेनेपचा नैवेद्य नीउ-व्हेनेपच्या सभेत, हात वर करून.

तुमच्या लक्षात आले ना? माझ्या आले नसेल का? ज्या वाक्याशी थांबून मी सभागृहांमधून पाणी पीत असे, तेच वाक्य मी आमच्या बैठकीत ठेवले, आणि सर्वांनी माना डोलावल्या. शरयूकाकूंनाही बरे वाटले, रेखाताईंनाही. सुवर्णमध्य.

इथवरचे लोकांना ठाऊक आहे. फार तर मला भित्रा म्हणतील. एक पोळी आणि माणसाच्या गळ्यातली साखळी यांची तुलना करायची माझी लायकी नाही, आणि मी ती करीतही नाही. मी फक्त एवढेच सांगतो आहे की मला वाट ठाऊक होती. पुढच्या वळणावर काय आहे हेही ठाऊक होते.

सभेत मत कोणी द्यायचे, हा नियम लिहायचे काम माझ्याकडे आले. 'नीउ-व्हेनेप भागात राहणारे सभासद' असे लिहिता आले असते. मी लिहिले — 'सभेस उपस्थित असलेले सभासद'. कोणाच्या लक्षात आले नाही. नियम मी लिहिला म्हणजे तो चोख असणार, असे सगळे धरून चालत.

आणि सभेच्या दिवशी दुपारी मी जुन्या शाखेतल्या माझ्या बॅडमिंटनच्या सोबत्यांना गाडीत घेतले. त्यांच्यातला एकही नीउ-व्हेनेपला राहत नव्हता. आदल्या दिवशी आणखी काही घरांना फोन केले होते — गाड्या भरून या, चहा आहे, नवी शाखा बघून जाऊ. कोणीही खोदून विचारले नाही. गाडीत मागून एकाने विचारले, "अरे, पण हात कशासाठी वर करायचा आहे?"

मी म्हणालो, "नैवेद्य परंपरेप्रमाणे व्हावा, म्हणून."

"मग करू की! हातच तर वर करायचाय, दंड नाही काढायचे."

गाडीत हशा पिकला. मीही हसलो. पुलावरून कालवा ओलांडला, आणि त्या क्षणी — हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो — मला मिसूरीची आठवण झाली. स्पष्ट झाली. घोडे, गाड्या, सीमा, सगळे. माणूस इतिहासातून शिकतो असे म्हणतात. मी शिकलो. मी त्यातून कृती शिकलो.

सभेचा अध्यक्ष मीच होतो. हात वर होण्यापूर्वी मी चार वाक्ये बोललो. म्हणालो की माझे व्यक्तिगत मत विचाराल तर नैवेद्य रेखाताईंनीच करावा. देवाला हात कळतात, आडनाव कळत नाही. टाळ्या पडल्या. रेखाताईंनी माझ्याकडे पाहून मान लववली. आणि मी म्हणालो की अध्यक्षाने तटस्थ राहायचे असते, म्हणून मी स्वतः मत देणार नाही. मला मत द्यायची गरजच कुठे होती? माझी मते खुर्च्यांवर बसली होती, चहा पीत होती.

मतदान रेखाताईंच्या विरुद्ध गेले. फरक थोडा होता. मी बोलावून आणलेले हात वगळले असते तर फरक उलटा पडला असता.

सभा संपल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढी माणसं तिकडनं कशी काय आली ओ, दादा?"

आणि मी — मृदू आवाजात, किंचित खाली पाहत — म्हणालो, "शरयूकाकूंनी बोलावली असतील."

हेच ते. इथे यायला मला एवढी पाने लिहावी लागली.

शरयूकाकूंनी कोणालाही बोलावले नव्हते. त्यांच्या मनात जे होते ते चुकीचे होते, पण ते त्यांनी तोंडावर सांगितले होते. मी त्यांच्या चुकीवर माझे पाप टाकले, कारण त्यांच्या अंगावर ते शोभून दिसणार होते. रेखाताईंनी तत्काळ विश्वास ठेवला. पुढे सगळ्यांनी ठेवला. काही वर्षांनी काकू पुण्याला परत गेल्या तेव्हा नीउ-व्हेनेपहून त्यांना निरोप द्यायला एकही माणूस आला नाही. काकू मला म्हणाल्या, "मी इतकी वाईट वागले का रे त्यांच्याशी?" मी त्यांच्या पाया पडलो.

मंडळ फुटले ते फुटलेच. ज्या फुटीच्या भीतीने मी हे सारे केले ती पुढच्याच वर्षी आली. आज नीउ-व्हेनेपला दोन गणपती बसतात, दोन सभागृहांत, दोन आरत्या. मुले डचमध्ये एकमेकांना विचारतात की तुमचा कुठला, आणि असे का, हे त्यांना कोणी सांगत नाही. त्यांतला एक गणपती रेखाताईंचा. तिथला नैवेद्य त्या करतात. आणि त्या सभागृहात मला आजही मान आहे.

यंदा हिवाळ्यात त्यांनीच मला व्याख्यानाला बोलावले. त्याच व्याख्यानाला. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटले नाही. रेखाताईंनी स्वतः माझी ओळख करून दिली. "त्या वेळेला सगळे गप बसलेले," त्या माइकवर म्हणाल्या, "एकटे दादाच आमच्या बाजूनं बोलले. आमची पोरं विसरायची न्हाईत ते." टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत तरुण मुले बसली होती, त्या वेळी जी लहान होती ती.

मी बोललो. नकाशावरची रेघ सांगितली, मेक्सिको सांगितले, पळून आलेल्यांना पकडून देण्याची सक्ती सांगितली. नव्या मुलखाने आपापले ठरवावे, इथवर आलो. थांबलो. पाणी प्यायलो. सगळे माझ्याकडे पाहत होते. सांगायची जागा असेल तर ती हीच होती, हे मला कळत होते. रेखाताई पदर सारखा करून पुढे झुकल्या होत्या.

आणि मी मिसूरीची माणसे गाळली. आयुष्यात पहिल्यांदाच गाळली. 'पुढे कॅन्ससमध्ये हिंसाचार झाला' असे एक वाक्य म्हणून सरळ न्यायालयाच्या निकालावर गेलो — काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, असे म्हणणाऱ्या त्या निकालावर. त्या न्यायाधीशांचा मी कडक शब्दांत धिक्कार केला. माझा आवाजही, म्हणे, थोडा थरथरला. नंतर एका मुलीने त्याबद्दल माझे आभार मानले.

निघताना रेखाताईंनी डबा दिला. पुरणपोळ्या, वेगळ्या डबीत तूप. म्हणाल्या, "वहिनींना द्या. आणि तुम्ही आत्ता एक खाऊन जावा, माझ्यासमोर." मी त्यांच्यासमोर उभ्याने एक खाल्ली. चव तीच होती.

घरी गाडीने आलो. बाहेर कडाक्याची थंडी होती, रस्त्याच्या कडेला बर्फ होते. घाम आलेला नव्हता. डबा ओट्यावर ठेवला. पत्नी बाहेर गेली होती; विचारणारे कोणी नव्हते. दिव्याची वेळ झाली होती. वात मी आधीच तुपात भिजवून ठेवली होती.

मी काडेपेटी उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि न्हाणीघरात जाऊन गरम पाणी सोडले.